कारागिरांचा वैद्य : बर्नार्दिनो रामाझिनी

थोर पुरुषांची चरित्रे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. कुणी राज्य स्थापन केले, कुणी धर्म सांगितला, कुणी यंत्राचा शोध लावला. ज्या माणसाविषयी मी येथे लिहिणार आहे, त्याने यांपैकी काहीच केले नाही. त्याने आयुष्यभर रोगी तपासले, विद्यार्थ्यांना शिकवले आणि उतारवयात एक पुस्तक लिहिले. परंतु त्या पुस्तकामुळे वैद्यकशास्त्रात एका साध्या प्रश्नाची कायमची भर पडली. रोग्याला त्याचा धंदा विचारावा, हा तो प्रश्न. तो विचारणारा वैद्य म्हणजे इटलीचा बर्नार्दिनो रामाझिनी.

वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हे नाव ठाऊक असते, कारण कामगारांच्या आरोग्यशास्त्राचा जनक असा त्यांचा गौरव होतो. आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला मात्र ते क्वचितच येते. मला ते भेटले अर्थशास्त्राचा अभ्यास करताना. अ‍ॅडम स्मिथ यांच्या १७७६ च्या सुप्रसिद्ध ग्रंथात मजुरीविषयीचे एक प्रकरण आहे. नगावर मजुरी घेणारे कारागीर जास्त मिळकतीच्या ओढीने शरीर झिजवतात, असे तेथे विवेचन असून त्या ओघात एका इटालियन वैद्याचा ओझरता उल्लेख येतो. अर्थशास्त्राच्या ग्रंथात वैद्य कशासाठी, असे कुतूहल वाटून मी त्या नावाचा माग काढू लागले. त्यातून जे हाती आले ते आपल्या देवणी परिसरातील वाचकांपुढे ठेवावे असे वाटले. कारण या चरित्राच्या मध्यभागी एका गरीब सफाई कामगाराचे लाल झालेले डोळे आहेत आणि तसे डोळे आपल्याकडेही आहेत.

बालपण आणि शिक्षण

रामाझिनी यांचा जन्म इ. स. १६३३ मध्ये उत्तर इटलीतील कार्पी या लहानशा गावी झाला. त्याच वर्षी गॅलिलिओला रोममध्ये धर्मपीठापुढे उभे करून शिक्षा सुनावण्यात आली होती, एवढे सांगितले म्हणजे तो काळ डोळ्यांपुढे येईल. इटली हा तेव्हा एक देश नव्हता. लहानमोठी संस्थाने, नगरराज्ये आणि पोपची सत्ता यांत तो विभागलेला होता. रामाझिनी यांनी पार्मा विद्यापीठात आधी तत्त्वज्ञानाचा आणि मग वैद्यकाचा अभ्यास केला व १६५९ मध्ये पदवी मिळवली. त्यानंतर ते रोमला गेले आणि तेथे एका अनुभवी वैद्याच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली.

स्वतंत्र व्यवसायाची पहिली संधी त्यांना कानिनो आणि मार्ता या खेडेवजा गावांत मिळाली. हा भाग दलदलीचा आणि हिवतापाचा. गावकऱ्यांवर उपचार करता करता तरुण वैद्य स्वतःच तापाने आडवा झाला. प्रकृती इतकी ढासळली की काम सोडून जन्मगावी परतावे लागले. पुढे कित्येक वर्षे त्यांनी कार्पीतच वैद्यकी केली आणि तेथेच त्यांचा संसार सुरू झाला. खेड्यातील माणूस कोणत्या हवेत राहतो, कोणते पाणी पितो, कोणत्या ओलीत उभा राहून काम करतो, याकडे लक्ष देण्याची त्यांची सवय या दिवसांतच जडली असावी असे मला वाटते.

मोदेना शहरात

पुढे रामाझिनी जवळच्याच मोदेना शहरात आले. हे एका ड्यूकच्या राजधानीचे शहर. लहान गावातून आलेला हा वैद्य शहरातील प्रस्थापित वैद्यांना रुचला नाही. त्यांच्यावर टीका झाली, वाद झाले. एका सरदार घराण्यातील स्त्रीच्या बाळंतपणातील मृत्यूवरून फ्लॉरेन्सच्या एका नामवंत वैद्याशी त्यांचा छापील वाद बराच काळ चालला. पण विद्वत्ता लपून राहत नाही. १६८२ मध्ये मोदेनाच्या ड्यूकने विद्यापीठात वैद्यकाचे अध्यासन त्यांच्याकडे सोपविले.

रामाझिनी यांची जिज्ञासा चौफेर होती. मोदेनाच्या आसपास विहीर खणताना ठरावीक खोलीवर गेल्यावर पाणी उसळून वर येते. त्याचे कारण काय, यावर त्यांनी १६९१ मध्ये एक ग्रंथ लिहिला. हवेचा दाब मोजण्याच्या नळीवर त्यांनी प्रयोग केले आणि जर्मन तत्त्ववेत्ता लाइब्निझ याच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. १६९० च्या सुमारास सततच्या पावसाने शेते पाण्याखाली गेली, पिकांवर तांबेरा पडला आणि खेडोपाडी तापाची साथ आली. त्या वर्षाच्या हवामानाची, पिकांची आणि आजाराची त्यांनी एकत्र नोंद ठेवली. पीक आणि माणूस यांचे दुखणे एकमेकांशी बांधलेले असते, हे आपल्याकडील शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका प्राध्यापकाने ते कागदावर मांडले, हे विशेष.

खड्ड्यातील माणूस

आता मी त्या प्रसंगाकडे येते, ज्याने रामाझिनी यांच्या आयुष्याला वळण दिले. मोदेना हे दाट वस्तीचे शहर होते. घरे एकमेकांना खेटून आणि कित्येक मजली. प्रत्येक घराखाली मैल्याचा खड्डा असे आणि दर तीन वर्षांनी तो उपसून घेण्याची तेथे प्रथा होती. रामाझिनी यांच्या स्वतःच्या घराचा खड्डा उपसण्याचे काम चालू असताना त्यांचे लक्ष एका कामगाराकडे गेले. तो जीव तोडून, अत्यंत घाईने काम करीत होता. त्याची दया येऊन रामाझिनी यांनी त्याला विचारले की इतकी घाई कशासाठी, जरा सावकाश केले तर दमणूक कमी होणार नाही काय. तेव्हा त्या माणसाने खड्ड्यातून वर पाहिले आणि सांगितले की या जागी चार तासांपेक्षा जास्त राहणे म्हणजे काय हे ज्याने अनुभवले नाही त्याला कळणार नाही. ते आंधळे होण्यासारखेच आहे.

बहुतेक घरमालकांनी हे ऐकून मान हलवली असती आणि ते आत निघून गेले असते. रामाझिनी थांबले. तो कामगार वर आल्यावर त्यांनी त्याचे डोळे नीट तपासले. डोळे लालबुंद झाले होते आणि दृष्टीवर झापड आल्यासारखी दिसत होती. यावर तुम्ही लोक काय उपाय करता, असे त्यांनी विचारले. कामगाराने सांगितले की घरी गेल्याबरोबर अंधाऱ्या खोलीत स्वतःला कोंडून घ्यायचे, दुसऱ्या दिवसापर्यंत बाहेर पडायचे नाही आणि कोमट पाण्याने डोळे धूत राहायचे. एवढ्यानेच काय तो थोडा आराम पडतो. रामाझिनी यांनी पुढे विचारले की घशात जळजळ, धाप, डोकेदुखी, मळमळ असे काही होते का. यांपैकी काहीही होत नाही, जे होते ते डोळ्यांना, असे उत्तर आले. हेच काम नेटाने करीत राहिलो तर थोड्याच काळात दृष्टी जाते आणि आमच्यापैकी अनेकांची गेली आहे, असेही त्याने सांगितले.

या संभाषणानंतर रामाझिनी शहरातील भिकाऱ्यांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. चौकशी केली तेव्हा त्यांतील कित्येक आंधळे व अर्धवट आंधळे भिकारी पूर्वी खड्डे उपसण्याचेच काम करीत होते असे त्यांना आढळले. शहराने त्यांच्याकडून काम करून घेतले होते, त्या कामात त्यांचे डोळे गेले होते आणि मग त्याच शहराच्या रस्त्यावर ते हात पसरीत होते. हा हिशेब तोवर कोणत्याही वैद्यकाच्या ग्रंथात मांडलेला नव्हता.

कारणाचा शोध

रामाझिनी यांच्यापुढे कोडे असे होते की घाण तर नाकातोंडात जाते, मग इजा डोळ्यांनाच का व्हावी? त्यांना आणखी एक गोष्ट दिसली होती. हे काम करणाऱ्यांच्या खिशातील तांब्याची व चांदीची नाणी काळी पडत. यावरून त्यांनी असा तर्क केला की खड्डा ढवळला जाताना त्यातून एक तीक्ष्ण, उडून जाणारा पदार्थ बाहेर पडत असावा. तो धातूला खातो आणि डोळ्यांसारख्या नाजूक भागाला विशेष झोंबतो.

आज आपण त्या पदार्थाला हायड्रोजन सल्फाइड म्हणतो. कुजक्या अंड्यासारखा वास येणारा हा वायू. शेले या रसायनशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे रामाझिनी गेल्यावर अनेक वर्षांनी. चांदी आणि तांबे काळे पडते ते या वायूतील गंधकामुळे. हा वायू डोळ्यांच्या ओलसर पृष्ठभागावर विरघळतो आणि बुबुळावरील पारदर्शक पडद्याला व पापणीच्या आतील अस्तराला दाह करतो. वायूचे प्रमाण थोडे असले आणि काम तासन्‌तास चालले तर आधी बोलतात ते डोळेच. डोळ्यांत खडे गेल्यासारखे वाटते, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही, दिव्याभोवती रंगीत कडे दिसते. अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याचा कामगारांचा उपाय अडाणीपणाचा नव्हता, अनुभवातून आलेला होता. वायूचे प्रमाण वाढले तर नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. धोका टळला असे माणसाला वाटते आणि तो तेथेच कोसळतो. आपल्याकडे शौचालयाच्या टाकीत, गटाराच्या चेंबरमध्ये आणि क्वचित गोबरगॅसच्या टाकीत उतरलेला माणूस व त्याला वाचवायला मागोमाग उतरलेला दुसरा, असे दोघेही दगावल्याच्या बातम्या येतात. त्यांतील कित्येकांच्या मागे हाच वायू असतो.

रामाझिनी यांचे रसायनशास्त्र अपुरे होते. पण त्यांचे निरीक्षण अचूक होते. आणि ते निरीक्षण त्यांना पुस्तकातून मिळाले नव्हते. ज्याला शहराने सर्वांत खालची पायरी दिली होती, त्याने ते खड्ड्यातून वर पाहून सांगितले होते.

ग्रंथाचा जन्म

यानंतर रामाझिनी कारागिरांच्या दुकानांत जाऊ लागले. १६९० च्या सुमारास त्यांनी विद्यापीठात या विषयावर व्याख्याने सुरू केली आणि १७०० मध्ये मोदेना येथे त्यांचा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. कारागिरांच्या रोगांचे विवेचन, असे त्याचे नाव मराठीत सांगता येईल. चाळीसहून अधिक धंद्यांचा त्यात विचार आहे. खाणकामगार, सोन्याचा मुलामा देणारे, कुंभार, काचकाम करणारे, लोहार, चुना भाजणारे, रंगारी, तेली, चर्मकार, धोबिणी, सुइणी, हमाल, शेतकरी, कोळी असे सर्व लोक या ग्रंथात आले आहेत. राजेरजवाड्यांच्या पथ्यपाण्यावर ग्रंथ लिहिण्याच्या काळात धोबिणीच्या हातांना पडणाऱ्या भेगांवर प्रकरण लिहिणे ही लहान गोष्ट नव्हती.

या ग्रंथात डोळ्यांचा विषय पुन्हा पुन्हा येतो. तापलेल्या लोखंडातून निघणाऱ्या वाफांनी आणि सततच्या जाळाकडे पाहण्याने लोहारांचे डोळे चिपडतात व सुजतात, असे त्यांनी नोंदविले. मुलामा देणाऱ्यांच्या अंगात पाऱ्याची वाफ शिरते आणि त्यांचे हात कापू लागतात, कुंभारांना झिलईतील शिसे बाधते, हे त्यांनी पाहिले. सोनार, घड्याळजी यांसारखे बारीक काम करणारे लोक अकाली मंददृष्टी होतात. त्यांनी केवळ चष्म्यावर विसंबू नये, मधून मधून काम थांबवून दूरच्या वस्तूंकडे पाहावे, असा सल्ला त्यांनी दिला. आजचा नेत्रवैद्य संगणकापुढे बसणाऱ्या मुलांना जवळजवळ हेच सांगतो.

ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी वैद्यांना केलेला उपदेश फार मोलाचा आहे. गरिबाच्या घरी गेलेल्या वैद्याने घाईने नाडी पाहून औषध लिहू नये. सोनेरी खुर्ची नसेल तर तिपाईवर बसावे, रोग्याशी शांतपणे बोलावे. हिपोक्रेटसने रोग्याला विचारावयाच्या प्रश्नांची यादी दिली आहे. तिच्यात आणखी एका प्रश्नाची भर घालावी आणि तो प्रश्न म्हणजे रोग्याचा धंदा कोणता. एवढेच त्यांचे म्हणणे. पण या एका प्रश्नाने रोगाचे कारण रोग्याच्या नशिबातून आणि पापपुण्यातून काढून त्याच्या कामाच्या जागेत आणून ठेवले.

पादुआ, अंधत्व आणि गुरांची साथ

ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, म्हणजे १७०० मध्ये, व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने रामाझिनी यांना पादुआच्या विख्यात विद्यापीठात बोलावून घेतले. तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. या वयात माणूस नवे घर बांधत नाही. रामाझिनी यांनी नवे शहर स्वीकारले. पण प्रकृती साथ देईना. छातीत धडधड होई, डोके दुखे आणि काही वर्षांतच त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. पुढे दुसराही डोळा मंदावत गेला. ज्यांनी इतरांच्या डोळ्यांची चिंता वाहिली, त्यांच्यावर दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचण्याची पाळी आली. घरातील तरुण मंडळी त्यांना वाचून दाखवीत आणि ते सांगत ते लिहून घेत. त्यांनी निवृत्ती मागितली, तरी सत्ताधाऱ्यांनी त्यांना सोडले नाही. उलट विद्यापीठातील वैद्यकाचे प्रमुख अध्यासन त्यांना दिले.

याच अंध अवस्थेत त्यांनी केलेले एक काम देवणीच्या वाचकाला विशेष जवळचे वाटेल. १७११ मध्ये पादुआच्या परिसरात गुरांची भयंकर साथ आली. बाहेरून आणलेल्या कळपातील एका जनावरापासून ती पसरली आणि शेतकऱ्यांचे गोठे ओस पडू लागले. त्या वर्षी विद्यापीठातील आपले उद्घाटनाचे व्याख्यान रामाझिनी यांनी या साथीवर दिले. माणसांच्या देवीशी त्यांनी या रोगाची तुलना केली, तो संसर्गाने पसरतो असे सांगितले आणि गोठ्यांच्या स्वच्छतेवर भर दिला. हा रोग म्हणजे आपल्याकडील बुळकांडी. आपल्या गावाचे नाव वानेरा, बालंक्या आणि शेवेरा या प्रकारांच्या देवणी गाईबैलांमुळे देशभर गेले आहे. गोठा रिकामा होणे म्हणजे काय, हे आपल्या वडीलधाऱ्यांना सांगावे लागत नाही. लसीकरणामुळे २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ मध्ये हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. एका विद्यापीठाच्या व्यासपीठावरून एका अंध म्हाताऱ्याने बैलांच्या मरणावर बोलावे, यात काही विद्वानांना कमीपणा वाटला असेल. पण शेतकऱ्याचे हत्यार मोडले तर शेतकरीही मोडतो, हे रामाझिनी जाणून होते.

१७१३ मध्ये त्यांनी आपल्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती काढली आणि तिच्यात आणखी १२ धंद्यांची भर घातली. त्यांत छापखान्यातील खिळे जुळवणारे आहेत. दिवसभर बारीक अक्षरांकडे पाहून त्यांचे डोळे कसे शिणतात, याची नोंद आहे. कारकून आणि लेखनिक आहेत. बैठक, हाताची एकसारखी हालचाल आणि मनाचा ताण ही त्यांच्या दुखण्याची कारणे सांगितली आहेत. स्वतःला अक्षर दिसत नसताना अक्षरे जुळवणाऱ्यांच्या डोळ्यांवर लिहिणारा हा लेखक मला या सर्व चरित्रात सर्वांत मोठा वाटतो. ५ नोव्हेंबर १७१४ रोजी व्याख्यानाला निघण्याच्या तयारीत असतानाच त्यांना झटका आला आणि त्यातच त्यांचे निधन झाले. वय ८१ वर्षांचे होते. त्यांचे समग्र ग्रंथ व चरित्र पुढे त्यांच्या पुतण्याने प्रसिद्ध केले.

रामाझिनी आणि आपण

रामाझिनी यांचा ग्रंथ १७०५ मध्येच इंग्रजीत आला. अ‍ॅडम स्मिथ यांनी त्याची दखल घेतली हे वर आलेच आहे. पुढे कार्ल मार्क्स यांनीही भांडवलावरील ग्रंथात त्याचा उल्लेख केला. बाजाराचे समर्थन करणारा आणि बाजारावर टीका करणारा, असे दोघेही अर्थशास्त्रज्ञ या एका वैद्यापाशी आले, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी अशी आहे.

चरित्र लिहिताना केवळ गोडवे गाणे मला उचित वाटत नाही. रामाझिनी यांनी खड्डे उपसणाऱ्यांना काय सुचविले? तोंडावर पारदर्शक पिशवी बांधावी, खड्ड्यात कमी वेळ थांबावे, डोळे मुळातच अशक्त असतील तर दुसरा धंदा पाहावा. मुखवटा आणि कामाचे तास यांचा विचार त्यांनी केला, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. पण माणसाने त्या खड्ड्यात मुळात उतरावेच का, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. दुसरा धंदा पाहावा असे म्हणणे सोपे. ज्याला दुसरा धंदा कुणी देतच नाही त्याने काय पाहावे?

हा प्रश्न इटलीपेक्षा आपल्या देशात अधिक जळजळीत आहे. मोदेनाच्या माणसाला गरिबीने खड्ड्यात उतरवले होते. आपल्याकडे जन्मानेच उतरवले. डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाला. तो अपुरा पडला म्हणून २०१३ मध्ये दुसरा कायदा झाला आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरपासून, म्हणजे डॉ. आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणदिनापासून, तो लागू करण्यात आला. संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा टाकीत माणूस उतरवणे हा आता गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली आणि कायमचे अपंगत्व आल्यास किमान २० लाख द्यावेत असा आदेश दिला. कायदा रामाझिनींच्या पुढे गेला आहे. व्यवहार मात्र पुष्कळ ठिकाणी अजून त्या खड्ड्याच्या काठावरच उभा आहे.

आणि केवळ सफाई कामगारांपुरतेच हे नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यांत अनेकांनी दिसेनासे झाल्याची तक्रार केली होती. फवारणीच्या अनेक औषधांत ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील विषे असतात. ती शरीरातील मज्जातंतूंचे काम रोखणारा ब्रेकच जणू काढून टाकतात. डोळ्याची बाहुली आकसून टाचणीच्या टोकाएवढी होते, डोळ्यांत पुरेसा उजेड शिरत नाही, लांबचे अस्पष्ट दिसते, पाणी वाहते, घाम सुटतो, मळमळते. आपल्याकडे तुरीवर आणि सोयाबीनवर औषध मारणारा गडी पाठीवर पंप घेतो, तोंडाला दस्ती बांधतो आणि डोळे मात्र उघडे ठेवतो.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही घरोघरी जाऊन पाहणी करीत होतो. हातातील छापील तक्त्यात व्यवसायाचा रकाना होता आणि जवळजवळ प्रत्येक ओळीत आम्ही मजुरी हा एकच शब्द लिहीत होतो. एका घरी तक्ता भरून झाल्यावर त्या मावशींना सहज विचारले की मजुरी म्हणजे नेमके काय करता. तेव्हा कळले की त्या फवारणी करीत नाहीत. पंपांत पाणी ओतून औषध कालवून देतात, दिवसभर, उघड्या हातांनी. त्या दिवशी संध्याकाळी दिवा लावला तरी घर अंधारल्यासारखे वाटते, दारात आलेले माणूस ओळखू येत नाही, सकाळी मग बरे वाटते, असे त्या सांगू लागल्या. वयामुळे होत असेल, असे त्यांचे स्वतःचेच उत्तर होते. त्यांचे वय चाळिशीच्या आतले. मजुरी या शब्दाखाली त्यांचे डोळे झाकले गेले होते. आमच्या तुकडीने प्राध्यापकांच्या संमतीने त्या तक्त्याच्या मागच्या बाजूस हाताने चार प्रश्न वाढवले : काम नेमके कोणते, हाताळता काय, दिवसातून किती तास आणि काम संपल्यावर डोळ्यांना व हातांना काय होते.

या चार प्रश्नांनी कुणाचा रोग बरा होत नाही, हे मला कळते. त्यासाठी डॉक्टर हवा, वेळेवर ॲट्रोपिन हवे, कायद्याची अंमलबजावणी हवी, मजुराला चष्मा आणि हातमोजे मालकाने द्यायला हवेत. डोळ्यात चुना किंवा औषध उडाले तर डोळे न चोळता लगेच स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पंधरा-वीस मिनिटे धुवावे आणि मग दवाखाना गाठावा, हे दसरा-दिवाळीला घर पोतरणाऱ्या प्रत्येक घरात माहीत हवे. पण जे विचारलेच जात नाही ते नोंदले जात नाही आणि जे नोंदले जात नाही त्यावर शासनही काही करीत नाही. विचारणे आणि नोंदणे हे तर आपल्या शाखेचे काम आहे. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास शिकणारा विद्यार्थी नाडी पाहू शकणार नाही, पण तिपाईवर बसू शकतो.

त्या चार प्रश्नांचे तक्ते आमच्या विभागात ठेवलेले आहेत. पुढच्या शिबिराला जाणाऱ्या तुकडीने ते पाहावेत आणि त्याच घरी पुन्हा जावे. फवारणीचे दिवस दरवर्षी येतात.